कोणाच्या पश्चात?

बोळिंजच्या ज्या इमारतीत हर्षवर्धन बाराव्या मजल्यावर राहत असे, तिथे लिफ्ट दोन होत्या आणि दोन्ही चालत. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण त्याची आई विनयाबाई तुळिंजला चौथ्या मजल्यावर एकटी राहत असे, आणि तिच्या इमारतीत लिफ्टसाठी सोडलेल्या जागेत सोसायटीने मोडक्या सायकली आणि पाण्याचा जुना पंप ठेवला होता. दोन घरांमधले अंतर रिक्षाने फार नव्हते. गुडघ्यांनी मोजले तर ते किती होते, हे फक्त विनयाबाईंना ठाऊक होते, आणि त्यांना ते कोणी विचारले नव्हते.

त्या रविवारी हर्षवर्धनच्या दिवाणखान्यात विपुल हा करसल्लागार बसला होता. माणूस वसईचाच, तरुण, हुशार, आणि वाईट बातमी गोड आवाजात सांगण्याची कला अवगत असलेला. विषय होता विनयाबाईंच्या घराच्या विक्रीचा. त्यांना घर विकायचे होते. गिऱ्हाईकही घरबसल्या आले होते: त्याच इमारतीतला एक दुकानदार, ज्याला लग्न ठरलेल्या मुलासाठी जवळच जागा हवी होती. विनयाबाईंचा बेत साधा होता. घर विकायचे, बँकेचे देणे फेडायचे, आणि उरलेल्या पैशांवर निर्मळला आपली जुनी मैत्रीण सालोमी हिच्या घरालगतच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायचे. त्या खोल्यांना एकही पायरी नव्हती. दारातून बाहेर पाऊल टाकले की जमीन. डॉक्टरांनीही सांगितले होते की जिने टाळा आणि रोज सपाटीवर चाला. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईने या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा कराव्यात, ते मात्र सांगितले नव्हते.

बँकेच्या देण्याबद्दल थोडे सांगायला हवे. पती श्रीरंग यांच्या आजारपणात साठवलेले सगळे संपले. ते गेले तेव्हा विनयाबाईंकडे पेन्शन नव्हती. गोखिवऱ्याच्या एका खासगी कारखान्याचे स्टोअर त्यांनी आयुष्यभर सांभाळले होते, आणि असे कारखाने माणसाला निरोप देतात तेव्हा शाल-नारळ देतात. होते ते स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या एकट्या नावावर घेतलेले हे घर. ते त्यांनी बँकेकडे उलट गहाण ठेवले, ज्याला आपण आता रिव्हर्स मॉर्गेज म्हणतो. बँकेने दरमहा ठरावीक रक्कम द्यायची, घरमालकाने हयातीत एक पैसाही परत करायचा नाही; व्याजावर व्याज चढत जाते, आणि माणूस गेला, किंवा घर विकले, किंवा ते सोडून कायमचा दुसरीकडे राहायला गेला, की बँक सगळे वसूल करते. म्हणजे घर न विकता निर्मळला जाऊन राहण्याचीही सोय नव्हती.

हर्षवर्धन तेव्हा बोळिंजच्या घराचे हप्ते भरत होता. "आई फार स्वाभिमानी आहे, माझ्याकडून काही घेत नाही," असे तो मित्रांना कौतुकाने सांगे. ते खरे होते. या स्वाभिमानामुळे त्याच्या खिशातून दरमहा जाऊ शकणारी रक्कम जात नव्हती, हेही तितकेच खरे होते. ते तो सांगत नसे.

"सर, बँकेनं काकूंना महिन्याला जे दिलं, ते उत्पन्न नाही. त्यावर कर नाही," विपुल सांगत होता. "घर गहाण ठेवलं ती विक्री नाही. तिथंही कर नाही. इथपर्यंत सरकार अगदी देवमाणूस आहे."

"आणि पुढे?"

"पुढे विक्री. घर घेतलं तेव्हा इथं कुत्रं फिरकत नव्हतं. आता भाव बघा. मधला सगळा भांडवली नफा. त्यावर कर."

"पण त्यातलं जवळजवळ निम्मं बँक घेऊन जाणार. आणि त्यात मोठा भाग नुसत्या व्याजाचा. ते वजा होईल ना?"

"नाही."

"का नाही? माझ्या या घराच्या व्याजाची सूट मला इतकी वर्षं मिळाली."

"तुम्ही घर घ्यायला कर्ज काढलं, सर," विपुल चहाचा कप उचलत म्हणाला. "काकूंनी जगायला काढलं."

हे वाक्य त्याने सहज उच्चारले, जसा एखादा मार्गदर्शक लेण्यातले शिल्प दाखवून पुढे सरकतो. पण वाचकांनी तिथे क्षणभर थांबावे. भिंती विकत घेण्यासाठी काढलेले कर्ज हा खर्च आहे. त्या भिंतींच्या आत दोन वेळा जेवण्यासाठी काढलेले कर्ज हा खर्च नाही. ती त्या माणसाची खासगी आवड आहे. बँकेकडे गेलेली रक्कम म्हातारीच्या हातात कधी येतच नाही, तरी ती तिने मिळवली असे धरून तिच्याकडून कर घ्यायचा, अशी ही रचना. ती करणाऱ्यांना निर्दय म्हणता येत नाही. त्यांनी म्हातारपणाची कल्पनाच केली नव्हती.

"पण दुसरं घर घेतलं की टॅक्स लागत नाही ना?" हर्षवर्धनची बायको सुरुची हिने विचारले. "माझ्या मावशीनं केलं होतं तसं."

"वहिनी, त्यासाठी नफा सगळा नव्या घरात घालावा लागतो. हातात येणार निम्मा. घातला तेवढ्यापुरतीच सूट. आणि काकूंना घर घ्यायचंय कुठं? दोन खोल्या भाड्यानं हव्यात."

"मग काहीच उपाय नाही?"

विपुलने कप खाली ठेवला. "आहे. हेच घर पश्चात विकलं, तर चित्र वेगळं दिसतं. म्हणजे गहाण आधीच्या मालकानं ठेवलेलं, घर वारसाकडे आलं ते गहाणासकट. वारसानं गहाण फेडलं, तर ती फेडलेली रक्कम घर मिळवण्याचा खर्च म्हणून धरावी, असा वरच्या कोर्टाचा जुना निवाडा आहे. कर एकदम खाली येतो."

"तेच घर, तेच व्याज?"

"तेच. फक्त विकणारं माणूस बदलतं."

मग सुरुची टेबलावरचे कप गोळा करत म्हणाली, "मग घाई कशाला करायची?"

तिच्या स्वरात दुष्टपणा नव्हता. दुष्टपणा असता तर कोणीतरी दचकले असते. मराठीने मरण टाळण्यासाठी पुष्कळ शब्द घडवले आहेत, आणि 'पश्चात' हा त्यातला सर्वांत सुशिक्षित शब्द. त्यात तिरडी नाही, रडणे नाही, खरे तर माणूसही नाही. आहे तो फक्त नंतरचा काळ, आणि त्या काळात नीटपणे उरकण्यासारखी कामे. तो शब्द त्या दिवाणखान्यात आला आणि एखाद्या पाहुण्यासारखा राहिला.

कोणी काही ठरवले नाही. सभ्य घरांत अशी गोष्ट ठरवली जात नाही. ती होत जाते. हर्षवर्धनने आईला फोन केला.

"आई, घाई नको करूया. तुमच्या बिल्डिंगच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत म्हणे. भाव वाढेल."

"कोण म्हणे?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे माझ्याच जिन्यावरून जातात. मला कोणी बोललं नाही."

"अगं, अशा गोष्टी आधी बाहेर कळतात."

"असं होय," विनयाबाई म्हणाल्या. "मग तू बाहेर आहेस तेच बरं."

पुढे पितृपक्ष आला, त्यात व्यवहार नको. मग दिवाळी, त्यात वेळ नाही. मग सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र, मग बँकेचा खातेउतारा, मग हर्षवर्धनची ऑफिसातली बढती. दुकानदाराने वाट पाहिली, दोनदा पेढे घेऊन आला, आणि अखेर मुलासाठी समोरच्या गल्लीत जागा घेतली. त्या दिवशी हर्षवर्धनला किंचित वाईट वाटले आणि बरेचसे हलके वाटले. या दोन भावनांचे प्रमाण त्याने तपासून पाहिले नाही.

विनयाबाई बावळट नव्हत्या. ज्या बाईने कारखान्याच्या स्टोअरमधला खिळाही हिशेबाबाहेर जाऊ दिला नाही, तिला स्वतःच्या घराचा व्यवहार कळत नव्हता असे नव्हे. पण बँक, गिऱ्हाईक, नोंदणीचे कार्यालय हे सारे खाली होते, आणि खालचे जग त्यांनी केव्हाच मुलाच्या हाती सोपवले होते. त्या गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडत. भाजीवाला तीत भाजी घाली. डॉक्टरांचा सल्ला पाळण्यासाठी स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या मारत, पलंगाला वळसा घालून. पुढे वळसा सुटला. मग फेऱ्याही भिंतीला हात लावून होऊ लागल्या. सुरुची दर आठवड्याला डबा पाठवी आणि त्यावर चिठ्ठी असे: काळजी घ्या. हर्षवर्धन, सुरुची आणि विपुल हे तिघेही, वाचकहो, चांगली माणसे होती. शेजारी त्यांचे उदाहरण देत.

पुढचा नाताळ उलटून गेल्यावर एका शनिवारी हर्षवर्धन आईकडे फळे घेऊन गेला असताना दाराची बेल वाजली. दारात सालोमी टीचर उभ्या होत्या, एक हात चौकटीवर, दुसरा छातीवर. वसईतल्या शाळेत त्यांनी हर्षवर्धनला तीन वर्षे मराठी शिकवले होते. आता सत्तरी ओलांडली होती, पण साडीच्या निऱ्या तशाच काटेकोर होत्या आणि नजरही.

"टीचर, तुम्ही कशाला चढलात एवढं?"

"विनया उतरत नाही म्हणून." त्या खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा श्वास घेतला. "बाई गं, हे रोज चढायचीस तू? आमच्या चर्चचा मनोरा बरा."

"रोज उतरायचेही," विनयाबाई म्हणाल्या. त्या मोड आलेले वाल सोलत होत्या. "आता एकच भाग राहिलाय. वरचा."

"मी भांडायला आलेय. खोल्या तुझ्यासाठी रिकाम्या ठेवल्यात, केव्हापासून. आमचा डिलन म्हणतो, मम्मी, त्या काकू काय येत नाहीत, कोणाला तरी देऊन टाक. मी म्हटलं, आधी तोंडावर विचारते. येणार आहेस की नाही?"

विनयाबाईंनी मुलाकडे पाहिले. उत्तर त्याच्याकडे आहे, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

"टीचर, येणार आहे ना," हर्षवर्धन म्हणाला. "प्रश्न फक्त योग्य वेळेचा आहे." आणि मग त्याने तो विषय समजावून सांगितला, नीट, मुद्देसूद, ऑफिसात सांगतो तसा. गहाण ही विक्री कशी नाही, मिळालेले पैसे उत्पन्न कसे नाहीत, पण विकताना व्याज वजा का होत नाही. "म्हणजे बघा, जे पैसे आईला मिळणारच नाहीत, त्यावर आईनं कर भरायचा. हा सरळ अन्याय आहे. तेच पश्चात विकलं, तर—"

"थांब," सालोमी टीचर म्हणाल्या. "पश्चात. शब्दाची जात सांग."

हर्षवर्धन हसला. "टीचर, अजून तीच सवय."

"सांग तर."

"शब्दयोगी अव्यय."

"एकटं वापरता येतं?"

"नाही. आधी नाम लागतं. नाहीतर सर्वनाम."

"मग तू एकटं का वापरलंस? लाव नाम."

हर्षवर्धनने तोंड उघडले. त्या शब्दाआधी एक रिकामी जागा होती. वर्ष उलटून गेले, तो शब्द तो फोनवर, जेवणाच्या टेबलावर, बायकोशी, विपुलशी बोलत होता; आणि प्रत्येक वेळी ती जागा रिकामी ठेवून बोलत होता. कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते. वाक्य अडले नव्हते, व्यवहार अडला नव्हता. मराठी व्याकरणाची एवढी मोठी चूक, आणि किती सफाईने खपून गेली होती!

"वाक्य पूर्ण कर, हर्षा. कोणाच्या पश्चात?"

तो आईकडे बघेना. ताटलीत वालाची साले पडण्याचा बारीक आवाज तेवढा येत होता.

"अगं, छळतेस कशाला त्याला," विनयाबाई म्हणाल्या. "माझ्या. माझ्या पश्चात. त्यात काय एवढं." त्यांनी आणखी एक वाल सोलला. "मला ठाऊक आहे रे. त्या विपुलला मीच फोन केला होता पावसाळ्यात. म्हटलं, मुलगा सांगत नाही, सल्लागार तरी सांगेल. भला पोरगा आहे. म्हणाला, काकू, तुम्ही अजिबात काळजी करू नका, तुमच्या पश्चात सगळं व्यवस्थित बसतं."

"आई..."

"तेव्हापासून मीही बघतेय. तुझी सोय व्हावी असं मला का वाटणार नाही? पण रोज सकाळी जाग येते. त्याला मी काय करू?"

त्या हे थट्टेच्या सुरात बोलल्या होत्या, आणि ती थट्टा आहे असे समजून हसण्याची मुभा त्यांनी मुलाला दिली होती. आईपणाचा हा शेवटचा हप्ता होता. हर्षवर्धनला तो स्वीकारता आला नाही.

"मी असं कधी मनातसुद्धा आणलं नाही," तो सालोमी टीचरना म्हणाला, आईला नव्हे. "कर वाचवणं हा गुन्हा आहे का? कायद्यानंच तशी वाट ठेवलीय."

"गुन्हा नाही. आणि हा नियम वाईट आहे, ते मला पटतं. बाई जिवंत आहे तोवर तिचं व्याज खर्च नाही, मेली की खर्च. असा निबंध कोणी माझ्याकडे आणला असता तर मी सहामाहीला नापास केलं असतं. त्याविरुद्ध अर्ज कर. खासदाराला लिही, पेपरात लिही. पहिली सही माझी घे. पण कायदा काय सांगतो? आत्ता विकलं तर एवढा कर, नंतर विकलं तर तेवढा. संपलं. 'थांबा' असं कायद्यात कुठं लिहिलंय? ते वाक्य तुझं आहे."

"टीचर, आकडा लहान नाही."

"असेल मोठा. मला एक सांग. ते व्याज कोणाचं?"

"आईच्या कर्जाचं."

"कर्ज कशाला काढलं?"

त्याने आणलेल्या फळांची पिशवी उगाच सरळ केली.

"बँक तिला महिन्याला पैसे देत होती, ती कोणाच्या जागी देत होती? तिची औषधं, तिचं वाणसामान, तिचं विजेचं बिल. हे जगभर कोण देतं, हर्षा?"

"मी विचारलं होतं आईला," तो घाईने म्हणाला. "पैसे हवेत का म्हणून. विचारलं होतं ना, आई?"

"विचारलं होतंस," विनयाबाई म्हणाल्या. "आधी हप्त्यांचं सगळं सांगितलंस, मग विचारलंस."

"म्हणजे ते व्याज तुझं आहे," सालोमी टीचर म्हणाल्या. "तिच्या नावावर चढलं एवढंच. आणि त्यावरचा कर तिनं मरून वाचवावा, अशी तुझी अपेक्षा आहे. मी तुला मराठी शिकवलं रे. हे भाषांतर मी नव्हतं शिकवलं."

हर्षवर्धन उठला, गॅलरीत गेला. कठड्याला ती दोरी बांधलेली होती, रिकाम्या पिशवीसकट. खाली तुळिंजचा रस्ता वाहत होता: रिक्षा, मोसंब्यांची गाडी, रंगवलेल्या बरण्यांचे दुकान, भांडणारी दोन माणसे. हे सगळे चालत जाऊन गाठता येईल इतके जवळ होते, आणि आपली आई ते वर्षभर वरून, पिशवीभर मागवत होती. आपण तिला इथे ठेवून कशाची वाट पाहत होतो, हे त्याला आता नामासकट कळले. त्याला ओरडावेसे वाटले, आणि ओरडण्यासारखा माणूस त्या घरात फक्त तोच होता.

त्याने तिथूनच विपुलला फोन लावला. "घर विकायचंय. आत्ता."

"सर, एवढं थांबलात. आता थोड्यासाठी कशाला..."

"किती थोड्यासाठी, विपुल?"

"कागद काढतो, सर," विपुल म्हणाला.

पुढचे काम लवकर झाले, कारण ते नेहमीच लवकर होण्यासारखे होते. नवे गिऱ्हाईक मिळाले, आधीच्यापेक्षा थोडे कमी देणारे. नोंदणीच्या दिवशी विनयाबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून शेजारच्या चौघांनी खाली आणले. प्रत्येक मजल्यावर दारे उघडली. "काकू, निघालात?" असे विचारताना लोक असे वागत होते, जणू त्यांना त्या तिथे राहत असल्याचे आत्ताच आठवले. विनयाबाईंनी खळ घातलेली साडी नेसली होती आणि त्या खुर्चीचे हात इतके घट्ट धरून बसल्या होत्या की बोटे पांढरी पडली होती. खाली रस्त्यावर टेकल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. आवाज फार आहे, म्हणाल्या.

बँकेने आपले घेतले. कराची रक्कम सांगायला विपुल स्वतः निर्मळला आला आणि ओशाळून उभा राहिला. "काकू, खरं तर हा एवढा कर... म्हणजे आपण जर..."

"बाळा, हा जिवंत असल्याचा कर आहे," विनयाबाई म्हणाल्या. "भरून टाक. मला परवडतो."

ही कथा इथे संपली असती तर ती सुखान्त म्हणून शाळेत वाचून दाखवता आली असती. पण शरीर हे आयकर खाते नव्हे. त्याला उशिरा भरलेले चालत नाही. निर्मळच्या त्या दोन खोल्यांना खरोखरच पायरी नव्हती. दारासमोर अंगण होते, पुढे केळीच्या वाडीतून जाणारी पायवाट, तिच्या टोकाला चर्चकडे वळणारा रस्ता. रोज संध्याकाळी सालोमीबरोबर त्या वळणापर्यंत चालायचे, असे विनयाबाईंनी ठरवले होते. पहिल्या दिवशी दोन बाजूंनी दोघांनी धरून त्यांना उभे केले. त्यांनी एक पाऊल टाकले, दुसरे टाकले, आणि मग पायांनी नकार दिला.

डॉक्टर नवे होते, म्हणून त्यांना संकोच नव्हता. "स्नायू गेलेत. यांना वर्षभरापूर्वी सपाटीवर आणलं असतं, तर आज काठी घेऊन चालल्या असत्या. आता बसवून ठेवा." हर्षवर्धनने मान हलवली, जणू ती माहिती दुसऱ्याच कोणाबद्दल होती.

विनयाबाई आता अंगणात खुर्चीवर बसतात. वाडीतल्या वाळूत चाकांची खुर्ची रुतते, म्हणून ती पायवाट त्यांनी पाहिली आहे ती या टोकाकडून. हर्षवर्धन दर रविवारी येतो आणि दरमहा आईच्या खात्यात पैसे भरतो. पहिल्या महिन्यात त्याने कबुली द्यावी तसे काही बोलायला सुरुवात केली होती. "राहू दे," त्या म्हणाल्या. "इथं वारा चांगला येतो." क्षमा झाली की नाही, हे त्याला त्यातून कळले नाही, आणि पुन्हा विचारण्याचे धैर्य झाले नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या ऑफिसातला संकेत त्याला कँटीनमध्ये गाठून म्हणाला, "सर, तुम्ही या सगळ्यातून गेलात ना? पप्पांचा गोखिवऱ्याचा फ्लॅट आहे, रिव्हर्स मॉर्गेजमधला. ते गावी जायचं म्हणतात. सीए म्हणतो, आता विकलं तर लॉस, नंतर बघू."

"वडील काय म्हणतात?"

"त्यांना टॅक्सचं काही सांगितलं नाहीये अजून. उगाच टेन्शन."

"आज सांग. त्यांच्यासमोर बसून सांग. कधी विकायचं ते त्यांना ठरवू दे, आणि तू कागद कर."

"पण सर, केवढा टॅक्स फुकट जातो, माहितीये तुम्हाला?"

"माहीत आहे. आम्ही भरला."

"मग मिळालं काय?"

हर्षवर्धनने ताट बाजूला सारले. "आईला अंगणात बसता येतं," तो म्हणाला. "चालताही आलं असतं. ते दिवस मी कर वाचवण्यात घालवले."

जेवण तसेच टाकून संकेत फोन घेऊन बाहेर गेला.

नागरिकहो, आपला कायदा म्हाताऱ्या माणसाच्या पोटाला खर्च मानत नाही. तो बदलावा म्हणून भांडा, लिहा, सह्या गोळा करा, कारण भांडण्यासारखीच ती गोष्ट आहे. पण तो बदलेपर्यंत त्याच्या आडोशाला लपू नका. ज्या आईबापांनी आपले घर बँकेकडे ठेवून आपल्याला त्यांच्या खर्चातून मोकळे केले, त्यांच्या घराचा भाव आणि त्यावरचा कर काढण्याआधी, त्या घरात राहून त्यांचे किती आयुष्य सरते आहे ते बघा. कर वाचवण्याच्या वाटा कायद्यात पुष्कळ असतात आणि सल्लागार त्या दाखवतील. त्यातली जी वाट आपल्या माणसाच्या मरणावरून जाते, ती कायदेशीर असली तरी आपली नव्हे. त्या वाटेवर वाचलेला प्रत्येक रुपया कोणाच्या तरी पायांतून काढलेला असतो, आणि तो परत करण्यासाठी कोणतेही कार्यालय उघडे नसते.